झुंजीला पाच वर्षे कैद मागण्यापूर्वी

देवगड तालुक्यातील एका ग्रामपंचायत सदस्यांनी विचारलेल्या प्रश्नाचे हे उत्तर आहे. भातकापणी होऊन मळे मोकळे झाले की त्यांच्या भागात बैलांच्या आणि रेड्यांच्या झुंजी लागतात आणि आडबाजूच्या काजूबागांत पैसे लावून कोंबडे झुंजवले जातात. गावातील तरुण मंडळींनी आमदारांना निवेदन द्यायचे ठरवले आहे. झुंज भरवणारा, जनावर उतरवणारा आणि पाहायला येणारा अशा सर्वांना पाच वर्षे सक्तमजुरी द्यावी आणि हा गुन्हा अजामीनपात्र करावा, अशी त्यांची मागणी आहे. सभेत एकाने हरकत घेतली की असे केल्यास सावंतवाडीचे कारागृह भरून जाईल आणि त्याचा खर्च आपल्याच खिशातून होईल. दुसऱ्याने सांगितले की अमेरिकेत शिक्षा वाढवणाऱ्या विधेयकाला तुरुंगखर्चाचा हिशेब जोडावा लागतो. आता सदस्यांना दोन गोष्टी हव्या आहेत: शिक्षा किती असावी, आणि तिचा भार तुरुंगांवर खरोखर किती पडेल.

सरकारी अभियोक्ता म्हणून मी रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन्ही जिल्ह्यांतील न्यायालयांत अनेक वर्षे काम केले आहे आणि झुंजींचे खटले दोन्ही बाजूंनी जवळून पाहिले आहेत. माझे मत आधीच सांगतो. तुरुंगावरचा भार कायद्यात छापलेल्या कमाल शिक्षेवर फारसा अवलंबून नसतो. अटक कोणाला होते, जामीन कोणाला मिळत नाही आणि खटला किती लांबतो यांवर तो ठरतो. शिवाय या गुन्ह्यात सरकारचा सर्वांत मोठा खर्च आरोपीवर होत नाही, तो जप्त केलेल्या जनावरावर होतो. किंबहुना तो व्हायला हवा आणि होत नाही, हेच आमच्याकडचे दुखणे आहे.

आज कायदा काय म्हणतो ते प्रथम पाहू, कारण पुष्कळांना ते ऐकून विश्वास बसत नाही. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा अधिनियम १९६० सालचा आहे. त्याच्या कलम ११(१) च्या ‘एम’ खंडात केवळ करमणुकीसाठी एका प्राण्याला दुसऱ्यावर झुंजीस चिथावणे हा गुन्हा आहे. ‘एन’ खंडात झुंजीसाठी जागा चालवणे, तिची व्यवस्था पाहणे, जागा वापरायला देणे किंवा प्रवेशासाठी पैसे घेणे हा गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला शिक्षा आहे दहा ते पन्नास रुपये दंड. तीन वर्षांच्या आत पुन्हा तोच गुन्हा केल्यास पंचवीस ते शंभर रुपये दंड, किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. या रकमा कित्येक दशकांपूर्वी ठरल्या आणि आजही त्याच आहेत. पोटात शिंग घुसून आतडी बाहेर आलेला बैल मी पंचनाम्याच्या छायाचित्रांत पाहिला आहे, आणि त्या प्रकरणात जास्तीत जास्त पन्नास रुपयांचा दंड मागण्यासाठी न्यायालयात उभा राहिलो आहे. तेव्हा तरुणांच्या मनात जी चीड आहे ती मला पूर्ण मान्य आहे, आणि ती योग्य जागी लागावी म्हणूनच हे लिहीत आहे.

याच कायद्यात आणखी दोन अडचणी आहेत आणि त्या दंडाच्या रकमेहूनही अधिक नुकसान करतात. पहिली अशी की कलम ३१ नुसार ‘एन’ खंडाचा गुन्हा, म्हणजे जागा चालवण्याचा, दखलपात्र आहे, पण ‘एम’ खंडाचा, म्हणजे प्रत्यक्ष जनावर झुंजीत घालण्याचा, दखलपात्र नाही. त्यामुळे बैलाचा मालक समोर उभा असला तरी केवळ त्या खंडाखाली पोलीस दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय तपास करू शकत नाहीत आणि नोंद अदखलपात्र वहीत जाते. दुसरी अडचण कलम ३६ ची. गुन्हा घडल्यापासून तीन महिन्यांत खटला दाखल झाला नाही तर तो दाखलच करता येत नाही. पशुवैद्यकीय अधिकाऱ्याचा अहवाल, चित्रफितीची तपासणी, पंचांचे जबाब या साऱ्यात तीन महिने सहज उलटतात. झुंजींचा हंगाम कार्तिकानंतर सुरू होतो आणि शिमग्यापर्यंत चालतो. त्याच काळात जत्रांचा बंदोबस्त असतो आणि लहान पोलीस ठाण्यात तपासाला माणूस उरत नाही. निर्दोष सुटलेल्यांपेक्षा मुदतीत अडकलेली प्रकरणे मी अधिक पाहिली.

म्हणूनच पोलीस छापा टाकतात तेव्हा बहुधा दुसऱ्या कायद्याचा आधार घेतात. १८८७ च्या जुगार प्रतिबंधक कायद्याच्या बाराव्या कलमात रस्त्यावर किंवा लोकांना जाण्याची मुभा असलेल्या जागी पक्षी वा जनावरे झुंजवणाऱ्याला, तसेच तेथे हजर राहून त्यास साहाय्य करणाऱ्याला, वॉरंटाशिवाय पकडण्याचा अधिकार पोलिसांना दिला आहे. कोंबड्यांच्या झुंजींवरील बहुतेक कारवाया याच कलमावर उभ्या असतात. त्याचा एक परिणाम लक्षात घ्यावा. फिर्यादीत रोख रक्कम, मोबाइल आणि दुचाकी यांचे वर्णन तपशीलवार येते, आणि कोंबडा मात्र ‘मुद्देमाल’ या एका शब्दात आटोपतो. छाप्यानंतर लोकांना सर्वाधिक झोंबते ते दुचाकी महिनोन्महिने ठाण्याच्या आवारात अडकणे. दंडाची पावती कोणी लक्षातही ठेवत नाही, पण दुचाकी सोडवायला घातलेले खेटे चांगले लक्षात राहतात. शिक्षा कशी असावी याचे उत्तर मला वाटते यातच दडलेले आहे.

आता पाच वर्षांच्या मागणीकडे वळू. फौजदारी कायद्यात कमाल शिक्षेचा आकडा भीती दाखवण्यापुरता नसतो. गुन्हा कोणत्या दारातून आत जाईल हे तो ठरवतो. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता हा फौजदारी प्रक्रियेचा नवा कायदा. तिच्या पहिल्या अनुसूचीच्या दुसऱ्या भागात इतर कायद्यांखालील गुन्ह्यांचे वर्गीकरण आहे. विशेष कायद्यात वेगळे काही सांगितले नसेल, तर तीन वर्षांहून कमी कैदेचा गुन्हा अदखलपात्र आणि जामीनपात्र ठरतो, आणि तीन वर्षे व त्यापुढे सात वर्षांपर्यंतचा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र ठरतो. ‘तीन वर्षांपर्यंत’ असे शब्द असले तरी गुन्हा वरच्याच वर्गात जातो, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने स्वामित्वहक्काच्या एका प्रकरणात मे २०२२ मध्ये दिला. म्हणजे मसुद्यात दोन वर्षे लिहिली की तीन, या एका शब्दाच्या फरकाने छाप्याच्या रात्री पंधरा-वीस माणसे घरी जातील की कोठडीत, हे ठरते.

पाच वर्षे लिहिल्याने आणखी दोन गोष्टी घडतात. प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याला तीन वर्षांपेक्षा अधिक कैद आणि पन्नास हजार रुपयांपेक्षा अधिक दंड ठोठावण्याचा अधिकार नाही. त्याला अधिक शिक्षा योग्य वाटली तर प्रकरण मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यांकडे, म्हणजे आपल्या जिल्ह्यात ओरोसला पाठवावे लागेल. आणि तीन वर्षांहून अधिक शिक्षेचा गुन्हा संक्षिप्त पद्धतीने चालवता येत नाही. कमाल शिक्षा तीन वर्षांपर्यंत असेल तर आरोपीचे म्हणणे ऐकून, कारणे नोंदवून, दंडाधिकारी संक्षिप्त चौकशी करू शकतात. अशा चौकशीत तीन महिन्यांपेक्षा जास्त कैद देता येत नाही हे खरे, पण प्रकरण काही तारखांत संपते. पाच वर्षांचा आकडा ही वाट बंद करतो. मग पूर्ण साक्षीपुरावा, उलटतपासणी, पंच फितूर होणे आणि वर्षानुवर्षे तारखा हे सारे ओघाने येते. लांबलेल्या खटल्यात मी साक्षीदार म्हातारे होताना पाहिले आहेत. बैल तर तोवर जगतही नाही.

तुरुंगाच्या भाराचा प्रश्न येथे सुरू होतो. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ च्या अखेरीस देशातील कारागृहांत ५,७३,२२० बंदी होते आणि क्षमता होती ४,३६,२६६. या बंद्यांपैकी चारांत तीन न्यायाधीन बंदी होते, म्हणजे ज्यांचा गुन्हा अद्याप सिद्ध झालेला नाही असे. आपल्याकडे तुरुंग शिक्षेने भरत नाहीत, खटल्याच्या वाट पाहण्याने भरतात. कोकणात कारागृहे लहान आहेत. रत्नागिरीचे विशेष कारागृह, सावंतवाडीचे आणि ओरोसचे कारागृह, तिकडे उत्तरेस अलिबागला हिराकोट किल्ल्यातील कारागृह, यांत काही माणसांची भरही लगेच जाणवते. झोपायची जागा, संडास, वैद्यकीय तपासणी, न्यायालयात नेण्यासाठी पोलीस पथक या सगळ्यावर ताण येतो. पथक मिळाले नाही की आरोपी तारखेला हजर होत नाही, तारीख पुढे जाते, आणि तेवढे दिवस तो आत राहतो.

हिशेब कसा मांडावा हे दाखवण्यासाठी एक काल्पनिक उदाहरण घेतो. यातील आकडे प्रत्यक्ष नोंदीतील नाहीत, पद्धत समजावी एवढ्यापुरतेच ते आहेत. समजा एका जिल्ह्यात वर्षाला बारा छापे पडले आणि प्रत्येकात दहा जण पकडले, तर आरोपी एकशे वीस. त्यांतील बारा झुंज भरवणारे आणि उरलेले एकशे आठ पाहणारे किंवा पैसे लावणारे. गुन्हा सर्वांसाठी अजामीनपात्र केला आणि या एकशे आठ जणांना जामीन मिळेपर्यंत सरासरी दहा दिवस गेले, तर १,०८० बंदी-दिवस झाले, म्हणजे वर्षभर तीन जागा कायम व्यापल्या. आता दुसरी बाजू पाहा. बारा भरवणाऱ्यांपैकी सहा जणांवर गुन्हा सिद्ध झाला आणि प्रत्येकाला सहा महिने कैद झाली, तर तेही सुमारे १,०८० दिवसच होतात. तुरुंगाच्या दृष्टीने दोन्हींचा भार सारखाच आहे. पण पहिल्या वेळी तो भार न्यायालयाने काहीही ठरवण्याआधी, ज्यांचा दोष सर्वांत कमी त्यांच्यावर खर्च झाला, आणि दुसऱ्या वेळी दोष सिद्ध झालेल्या, झुंजीतून पैसा मिळवणाऱ्या माणसांवर. निवेदन लिहिणाऱ्यांनी या दोन हिशेबांपैकी कोणता हवा ते मनाशी पक्के करावे.

यात आणखी एक गोष्ट आहे, ती आकड्यांत दिसत नाही. झुंज भरवणारा सहसा गावात वजन असलेला असतो. त्याचा वकील ठरलेला असतो, त्याला जामीनदार तासाभरात मिळतो. पाहणाऱ्यांच्या घोळक्यात चिरेखाणीवर काम करणारे कर्नाटकातील मजूर असतात, बंदरावरच्या नौकांवरील नेपाळी खलाशी असतात. त्यांना येथे सातबारा असलेला जामीनदार कोठून मिळणार? जामीनपात्र गुन्ह्यात आठवडाभरात जामीनदार न मिळाल्यास गरीब समजून जातमुचलक्यावर सोडण्याची तरतूद संहितेत आहे, पण अजामीनपात्र गुन्ह्यात तो हक्क नाही. सर्वांना एकाच मापाने अजामीनपात्र केले तर आत राहणारे कोण असतील हे मी अनुभवाने सांगू शकतो, आणि त्यांत रिंगण आखणारा नसेल.

सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यांत सरसकट अटक करू नये, आधी नोटीस देऊन हजर राहण्यास सांगावे, असा निर्देश सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्येच दिला आहे आणि नव्या संहितेच्या कलम ३५ मध्ये नोटिशीची तरतूद आहे. त्यामुळे पाच वर्षे लिहिली तरी प्रत्येकाला अटक होईलच असे नाही, असा युक्तिवाद कोणी करील. तो बरोबर आहे, परंतु रात्री अंधारात काजूबागेत पळणाऱ्या घोळक्यावर छापा पडतो तेव्हा ज्याचा पत्ता लगेच पटत नाही त्यालाच पोलीस ताब्यात ठेवतात. म्हणजे पुन्हा परगावचा मजूर.

अमेरिकेचा उल्लेख सभेत झाला म्हणून तेथील गोष्ट थोडक्यात सांगतो. तेथे संघराज्याच्या कायद्याने प्राण्यांच्या झुंजी भरवण्यास पाच वर्षांपर्यंत कैद आहे. २०१४ पासून केवळ पाहायला जाणेही गुन्हा आहे, पण त्याला एक वर्षापर्यंतच कैद आहे. सोळा वर्षांखालील मुलाला झुंज पाहायला नेले तर तीन वर्षांपर्यंत. म्हणजे शिक्षा कडक असूनही त्यांनी भरवणारा आणि पाहणारा यांत फरक केला आहे, आणि मुलांचा वेगळा विचार केला आहे. आपल्या मसुद्यात हा मुलांचा मुद्दा अवश्य घ्यावा, कारण कोकणातल्या झुंजींना शाळकरी मुले खांद्यावर बसून आलेली असतात.

तुरुंगखर्चाचा हिशेबही खरा आहे. व्हर्जिनिया राज्यात कैद वाढवू शकणाऱ्या विधेयकासोबत पुढील काळात तुरुंगात किती जागा लागतील आणि किती खर्च येईल याचे निवेदन द्यावे लागते, आणि पुरेशी माहिती नसेल तर किमान ५०,००० डॉलर धरावे लागतात. हिशेब करता येत नाही म्हणून शून्य धरता येत नाही, हे तत्त्व मला फार मोलाचे वाटते. आपल्याकडेही खर्च होणार असेल तर विधेयकाला वित्तीय ज्ञापन जोडण्याचा संसदीय नियम आहे. नवा कायदा आल्यावर न्यायालयांवर किती बोजा पडेल याचा आधी अंदाज घ्यावा, हा विषय सर्वोच्च न्यायालयापुढे आला होता, आणि त्यासाठी नेमलेल्या न्यायमूर्ती जगन्नाथ राव यांच्या अध्यक्षतेखालील कृती दलाने २००८ मध्ये अहवाल दिला. तरीही शिक्षा वाढवणाऱ्या विधेयकांत तुरुंग आणि न्यायालय यांचा खर्च क्वचितच मांडला जातो.

व्हर्जिनियातीलच एक प्रसिद्ध खटला येथे सांगितला पाहिजे. अमेरिकन फुटबॉल खेळणारा मायकेल विक याला कुत्र्यांच्या झुंजींच्या प्रकरणात डिसेंबर २००७ मध्ये तेवीस महिन्यांची कैद झाली. त्याहून महत्त्वाचे म्हणजे जप्त केलेल्या पन्नासच्या आसपास कुत्र्यांच्या संगोपनासाठी त्याच्याकडून सुमारे ९ लाख २८ हजार डॉलर वसूल करण्यात आले. बातम्यांत कैद गाजली, पण त्या कुत्र्यांचे पुढचे आयुष्य या रकमेमुळे शक्य झाले.

आपल्याकडे नेमके हेच होत नाही. चारशे किलो वजनाच्या बैलाला दिवसाला साधारण आठ ते दहा किलो कोरडा चारा लागतो, शिवाय पाणी, जखमांवर उपचार, बांधायला छप्पर आणि सांभाळणारा माणूस. कोकणात पावसाळ्यात जनावर उघड्यावर ठेवता येत नाही आणि गोशाळा मोजक्याच आहेत. समजा एका बैलाला दिवसाला दीडशे रुपये धरले, तर चार बैल दोन वर्षे सांभाळायला ४,३८,००० रुपये लागतील. दंड मात्र पन्नास रुपये. कोंबड्यांची अडचण वेगळी आहे. झुंजीचे कोंबडे एकत्र ठेवता येत नाहीत, प्रत्येकाला स्वतंत्र पिंजरा लागतो. ठाण्याच्या मागच्या बाजूला टोपलीखाली झाकलेले कोंबडे आठवड्यात मरतात, किंवा लिलावात निघतात आणि बोली लावणारा बहुधा त्याच वर्तुळातला असतो. पुढच्या महिन्यात तोच कोंबडा पायाला पाते बांधून दुसऱ्या गावात उतरतो. असा लिलाव मला कायद्याच्या हातून घडलेले दुसरे क्रौर्य वाटते.

याला कायद्यात वाट नाही असे मुळीच नाही. १९६० च्या अधिनियमाच्या कलम ३५ प्रमाणे दंडाधिकारी जनावर पांजरपोळात किंवा उपचारगृहात पाठवू शकतात, त्याचा खर्च मालकाकडून घेता येतो आणि तो जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल करता येतो. मालक गरीब असल्यास दंडाधिकारी उपचाराचा खर्च माफही करू शकतात, आणि ती सवलत असावीच. खटल्यातील जनावरांची देखभाल कशी करावी, जनावर कोणाच्या ताब्यात द्यावे आणि खर्चासाठी मालकाकडून बंधपत्र कसे घ्यावे यासाठी केंद्राने २०१७ मध्ये स्वतंत्र नियम केले आहेत. कलम २९ नुसार दोषी ठरलेल्या मालकाचा जनावरावरील हक्क काढून घेता येतो, आणि त्याला काही काळ किंवा कायमची कोणतीही जनावरे बाळगण्यास मनाई करता येते. या तरतुदी वापरायला तुरुंगातील एकही जागा लागत नाही. झुंजीचा बैल वर्षभर खुराक देऊन, अंगावर हात फिरवून वाढवलेला असतो. तो गेला आणि त्याच्या चाऱ्याचा बोजा सातबाऱ्यावर चढला, तर मालकाला जे कळते ते तीन महिन्यांच्या कैदेनेही कळणार नाही. अभियोक्त्याने असा अर्ज लेखी आणि पहिल्याच तारखेला दिला पाहिजे, कारण जनावर एकदा मालकाच्या ताब्यात परत गेले की पुढे काहीही सिद्ध होवो, ते सुटत नाही.

परंपरेचा मुद्दा तुमच्या निवेदनाला विरोध करणारे नक्की काढतील, आणि बैलगाडा शर्यतींचा दाखला देतील. त्याला उत्तर तयार ठेवा. बैलगाडा शर्यतींच्याच प्रकरणातील ७ मे २०१४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने प्राण्याला माणसाशी किंवा दुसऱ्या प्राण्याशी झुंजायला लावले जाणार नाही हे सरकारने काटेकोरपणे पाहावे असे सांगितले, आणि शिक्षा परिणामकारक करण्याची अपेक्षा संसदेकडून व्यक्त केली. पुढे महाराष्ट्राने २०१७ मध्ये स्वतंत्र दुरुस्ती करून शर्यतींना परवानगी दिली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने ती वैध ठरवली. पण ती दुरुस्ती शर्यतींपुरती आहे, झुंजींना तिचा कोणताही आधार नाही. उलट त्याच दुरुस्तीत शर्यतीच्या अटी मोडून बैलाला यातना देणाऱ्याला पाच लाखांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद ठेवली आहे. एकाच राज्यात शर्यतीत बैलाला छळले तर पाच लाख आणि झुंजीत त्याचे पोट फाडून घेतले तर पन्नास रुपये, ही विसंगती तुमच्या निवेदनाचा सर्वांत बळकट मुद्दा आहे. शेजारी गोव्यात धिरयोत, म्हणजे तिथल्या बैलांच्या झुंजीत, बैलाच्या हल्ल्याने एक माणूस दगावल्यानंतर १९९६ मध्ये उच्च न्यायालयाने त्यांवर बंदी घातली. तरीही ते चोरून होत राहिले, कारण बंदीमागची शिक्षा आणि यंत्रणा तीच राहिली.

आता मसुदा. प्राण्यांवरील क्रौर्य हा विषय समवर्ती सूचीत आहे, म्हणून राज्य विधानमंडळ दुरुस्ती करू शकते, मात्र तिला राष्ट्रपतींची संमती लागते. कारागृहे हा राज्याचा विषय आहे, म्हणजे खर्चही राज्याचाच. मी असे सुचवीन की भरवणारा, जागा देणारा आणि पैशांचा डाव चालवणारा यांना तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपर्यंत दंड असावा, म्हणजे प्रकरण तालुक्याच्याच न्यायालयात राहील. गुन्हा स्पष्ट शब्दांत दखलपात्र असावा, पहिल्या वेळी जामीनपात्र आणि पुन्हा केल्यास अजामीनपात्र, तसेच पुन्हा करणाऱ्याला किमान सहा महिने कैद असावी. सट्टा चालवणारी टोळीच असेल तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ११२ मधील किरकोळ संघटित गुन्ह्याची तरतूद आहेच. त्यात अनधिकृत सट्टा आणि जुगार यांचा उल्लेख आहे आणि शिक्षा एक ते सात वर्षे आहे, तेव्हा त्यासाठी नवे कलम नको. जनावर उतरवणाऱ्या मालकाला एक वर्षापर्यंत कैद, जनावराची जप्ती आणि बाळगण्यास मनाई असावी, आणि ‘एम’ खंडही दखलपात्र व्हावा. त्या खंडातील ‘केवळ करमणुकीसाठी’ हे शब्द काढावेत, कारण झुंज जुगारासाठी होती, करमणुकीसाठी नव्हती, असा बचाव त्या शब्दांमुळे शक्य होतो. पाहणाऱ्याला काही हजारांचा दंड पुरे, कैद नको. मुलाला घेऊन आला असेल तर दंड दुप्पट. तीन महिन्यांची मुदत किमान एक वर्ष करावी.

पहिल्यांदा सापडलेल्या तरुणांसाठी परिवीक्षा अधिनियम १९५८ चा वापर व्हावा, असेही लिहा. चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सोडताना नुकसानभरपाई आणि खटल्याचा खर्च देण्याचा आदेश न्यायालय करू शकते. समाजसेवेची शिक्षा भारतीय न्याय संहितेत आली आहे, पण ती ठरावीक गुन्ह्यांपुरतीच आहे. या गुन्ह्यासाठी ती हवी असेल तर दुरुस्तीत तसे स्पष्ट लिहावे लागेल. पशुवैद्यकीय दवाखान्यात महिनाभर जखमी जनावरांची शुश्रूषा करायला लावणे हे अठरा-वीस वर्षांच्या मुलाला सावंतवाडीच्या बराकीत सराईतांबरोबर ठेवण्यापेक्षा मला कितीतरी योग्य वाटते.

शेवटी, निवेदनासोबत खर्चाचे एक पान जोडा. गेल्या तीन वर्षांत आपल्या तालुक्यात किती छापे पडले, किती जण न्यायालयीन कोठडीत गेले आणि किती दिवस राहिले, किती जनावरे जप्त झाली आणि ती आज कोठे आहेत, ही माहिती माहितीच्या अधिकाराखाली पोलीस ठाणे, कारागृह आणि पशुसंवर्धन विभाग यांच्याकडे स्वतंत्र अर्ज करून मागता येईल. तीस दिवसांत उत्तर मिळायला हवे. जनावरांविषयीच्या रकान्यात बहुधा काहीच लिहिलेले येणार नाही. तसे आले तर तो कागद तसाच, कोऱ्या रकान्यासह, आमदारांच्या हाती द्या आणि जिल्ह्यात जप्त जनावरांसाठी एक निवारा आणि त्याचा वार्षिक निधी मागा. ही मागणी शिक्षेच्या मागणीच्या आधी, पहिल्या क्रमांकावर लिहा.